खोलीचं तापमान लिहिलंस का?

डबा न्यायला आलास ना? मिळेल. पण बसू नकोस, उभ्यानंच ऐक. बसलास की तुला वाटेल गप्पा चालल्यात.

तीन दिवसांपूर्वी मोटरसायकलच्या मागच्या सीटवर उशी आणि उशीवर हा सीपीयूचा डबा बांधून, भर दुपारी तू माझ्या दारात आलास. डबा ओट्यावर टेकायच्या आधीच पहिलं वाक्य, "सर, प्रोसेसर खराब निघाला, सोलापूरच्या दुकानदारानं गंडवलं." दुसरं वाक्य, "आपल्याकडं लाइटीचापण प्रॉब्लेम आहे." तिसरं, "गिऱ्हाईकाचा पेन ड्राइव्हपण डाउट वाटतो." तीन वाक्यांत तीन गुन्हेगार, आणि तिन्हींत तू कुठंच नाहीस. नाचता येत नाही त्याला अंगण वाकडं दिसतं म्हणतात. तुला अंगण, मांडव आणि वाजंत्री, सगळंच वाकडं दिसलं.

आता माझा निकाल ऐक. प्रोसेसर ठणठणीत आहे. दुकानदारानं दिलेला माल खरा आहे. लाइट सगळ्या मुरुम गावाला येते तशीच तुला येते. पेन ड्राइव्ह मी दोनदा भरून, दोनदा रिकामा करून पाहिला, त्याला काही झालेलं नाही. बिघडलेली वस्तू त्या डब्यात नव्हतीच. ती आत्ता माझ्यासमोर मान खाली घालून उभी आहे.

मान वर कर. वेग किती ठेवला होतास? साडेचार गिगाहर्ट्झ. व्होल्टेज? १.३८. कोणत्या चिपला? आय-फाइव्ह २५०० के, २०११ च्या जानेवारीत बाजारात आलेली. मूळ वेग ३.३, आणि नावाच्या शेवटी 'के' अक्षर, म्हणजे हिचा वेग ठरवणाऱ्या गुणकाला कंपनीनं कुलूप घातलेलं नाही. एवढं तुला पाठ आहे. ते आकडे कुठून आणलेस, असं मी विचारलं तेव्हा काय म्हणालास? "एका व्हिडिओत होते, सर. त्याचं चाललंय की मस्त!"

तिथं माझं डोकं फिरलं. वेग वाढवलास म्हणून नाही, त्याबद्दल मी नंतर बोलेन. डोकं फिरलं ते नकलेमुळं. अकरावीचं प्रॅक्टिकल आठवतं? न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम. तांब्याच्या कॅलरीमीटरमध्ये गरम पाणी, त्यात तापमापी, हातात स्टॉपवॉच, दर मिनिटाला एक नोंद. तू खिडकीतून क्रिकेट बघत बसलास आणि तास संपता संपता शेजारच्या टेबलाची रीडिंग उतरवलीस. तुझ्या भांड्यातलं पाणी अजून वाफाळत होतं आणि तुझ्या जर्नलमध्ये ते कोमट होऊन बसलं होतं. मी ती दोन्ही पानं लाल शाईनं काटली होती. वाटलं होतं, पोरगं शिकलं असेल. कसलं काय! आजही तू शेजारचीच रीडिंग उतरवतोयस. शेजारचं टेबल तेवढं आता मोबाइलच्या पडद्यात गेलं.

त्या नियमात होतं काय, सांग. गरम वस्तू किती झपाट्यानं निवेल, हे ती किती गरम आहे एवढ्यावर ठरत नाही. तिच्यात आणि भोवतालात किती अंशांचा फरक आहे, त्यावर ठरतं. म्हणून मी तुम्हाला पहिल्या ओळीत काय लिहायला लावायचो? खोलीचं तापमान. ते लिहिल्याशिवाय कुणाला स्पिरिटचा दिवा पेटवू देत नव्हतो. तुम्ही पोरं मागं हसायचात, मला ठाऊक होतं. "आलं सरांचं खोलीचं तापमान." आता हस की!

तुझा तो व्हिडिओ मीही पाहिला. सगळा पाहिला, तुझ्यासारखा पुढं ढकलत नाही. त्या पोराच्या अंगात जाड स्वेटर होता. तुला दिसला नाही? प्रयोगाचं पहिलं रीडिंग त्या स्वेटरवर लिहिलेलं होतं, लेकरा! खोली फार तर चोवीस अंशांची. प्रोसेसरच्या डोक्यावर वीतभर उंचीचा शीतक, तांब्याच्या नळ्यांचा आणि पत्र्यांच्या चळतीचा, त्याला दोन्ही बाजूंनी पंखे. कॅबिनेट उघडं. आणि तुझ्याकडं? चिपबरोबर येतो तो बसका ॲल्युमिनियमचा शीतक, वर एक पंखा. खोली कोणती, तर पत्र्याच्या छताचं दुकान.

त्या पत्र्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरकडं जमीन हलली, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरची मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो गेले. त्यानंतर आपल्या भागात कितीतरी जणांना डोक्यावर माती नको, पत्राच बरा, असं वाटू लागलं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. पण माळवदाखाली मे महिन्यातही पाठ टेकवता यायची. पत्र्याखाली दुपारी तीनला तवा होतो. जीव वाचवणारं छत ऊन वाचवत नाही, हे या गावात वाढलेल्या पोराला मी सांगायला हवं?

काल दुपारी तीनला मी तुझ्या दुकानात गेलो होतो. तू जेवायला घरी गेला होतास, पोऱ्या बसला होता. टेबलाखाली, जिथं हा डबा असतो तिथं, तापमापी ठेवला आणि दहा मिनिटं थांबलो. बेचाळीस अंश. पेपरात छापून येतं ते तापमान सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेलं असतं. तुझ्या टेबलाखालचं तापमान कोणी छापत नाही. ते तुलाच मोजावं लागतं. तू दोन वर्षं त्या टेबलापाशी बसतोस. एकदा तरी मोजलंस? तुझा प्रोसेसर जी हवा ओढून गार होणार, ती हवाच बेचाळीसची आहे. त्या हवेत पंखा कितीही फिरव, चिप बेचाळीसच्या खाली येणार नाही. पंखा हवा हलवतो, हवा गार करत नाही. हे तर आपल्या गावात म्हशीलाही कळतं, म्हणून ती पंख्याखाली न जाता पाण्यात बसते.

फळ्याकडं बघ. चिपमधली उष्णता कशावर ठरते? वेगाच्या सम प्रमाणात, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वर्गाच्या, ऐकू आलं? वेग ३.३ वरून ४.५, म्हणजे १.३६ पट. व्होल्टेज मूळचं १.२० दिसत होतं, ते तू १.३८ केलंस. १.१५ पट, वर्ग १.३२. आता १.३६ ला १.३२ नं गुण. १.८०. म्हणजे वेग वाढवलास छत्तीस टक्के आणि उष्णता वाढवलीस ऐंशी टक्के. कंपनीनं या चिपच्या शीतकासाठी आकडा दिलाय ९५ वॅटचा. तो तंतोतंत वापर नसतो, पण हिशेबाला पुरे. ९५ गुणिले १.८० म्हणजे १७१ वॅट. तीन टेबल फॅन चालतील एवढी वीज, नखाएवढ्या तुकड्यात, आणि तिची शेवटी निव्वळ धग होते. ती धग तू कुणाच्या भरवशावर सोडलीस? त्या बसक्या पंख्याच्या.

बरं, तो पंखा तरी धड होता का? डब्याची झाकणी काढली तेव्हा मला वाटलं, आत चिमणीनं घरटं केलंय. शीतकाच्या पात्यांमध्ये धुळीची गादी बसली होती. रस्त्यावरची धूळ, उसाच्या ट्रॉल्यांमागं उडणारा पाचटाचा भुसा, आणि त्या सगळ्याला चिकटून धरायला तुझ्या अगरबत्तीची काजळी. रोज सकाळी डब्याला हळदकुंकू लावून, पुढं अगरबत्ती फिरवतोस. भक्ती चांगली आहे. पण त्याच अगरबत्तीचा धूर कॅबिनेटच्या जाळीपाशी धरून तो आत ओढला जातो की नाही हे एकदा बघितलं असतंस, तर देव जास्त पावला असता. धूर आत जात नव्हता. कारण तू धुळीपासून जपायला म्हणून डब्याला तिन्ही बाजूंनी फडकं गुंडाळलं होतंस. माणसाला धूळ लागू नये म्हणून त्याचं नाकतोंड बांधलं, त्यातली गत.

आणि शीतकाच्या चार खुंट्यांपैकी एक बोर्डात बसलेलीच नव्हती. म्हणजे शीतक एका कोपऱ्यानं उचललेला. खालची पेस्ट वाळून खपली झालेली. वरून वीज ओतत होतास आणि खाली निचऱ्याची मोरी तुंबलेली होती.

मी काय केलं ते सांगतो, कारण हे तू करायला हवं होतंस. साफ करायच्या आधी, सकाळी सातला, माझ्या घरात खोली ३४ अंशांवर असताना, मूळ वेगावर चारही गाभ्यांना पूर्ण काम दिलं. अर्ध्या तासात पारा ८३ वर स्थिरावला. खोलीपेक्षा ४९ अंश जास्त. मग धूळ काढली, जुनी पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, चारही खुंट्या आवाज येईपर्यंत दाबल्या, बोर्डाच्या मागून बघून खात्री केली. पुन्हा तेच काम, पुन्हा खोली ३४. पारा ७० वर थांबला. खोलीपेक्षा ३६ अंश जास्त. नुसत्या ब्रशनं आणि दाणाभर पेस्टनं तेरा अंश कमावले. त्यासाठी बायोसमध्ये जाऊन वेगाला हात लावावा लागला नाही.

आता हे आकडे तुझ्या दुकानात ने. बेचाळीस अधिक एकोणपन्नास, एक्क्याण्णव. म्हणजे तू वेगाला हात लावायच्या आधीच, कंपनीच्या मूळ वेगावर, तुझी चिप एक्क्याण्णववर धापा टाकत होती. या चिपची वरची हद्द अठ्ठ्याण्णवच्या आसपास. ज्या बैलाच्या तोंडाला आधीच फेस आलाय, त्याच्या गाडीत तू आणखी दहा पोती टाकलीस. एकोणपन्नासची १.८० पट किती? अठ्ठ्याऐंशी. बेचाळीसमध्ये मिळव. एकशे तीस! कागदावर एकशे तीस अंश.

चिप तिथवर जात नाही. कारण ती बनवणारे तुझ्यासारखे नव्हते. हद्दीला पोचली की ती आपणहून वेग खाली पाडते. तुझेच आकडे ठेवून मी बघत बसलो होतो. काटा साडेचारवर उडी मारायचा, दोन-चार सेकंद मिरवायचा आणि धाडकन १.६ वर यायचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. ओढ्यावरच्या पुलासारखं, चढ आला की उतार आलाच. तू बायोसमध्ये ४.५ वाचून खूश होतास. तुझ्या गिऱ्हाईकाच्या लग्नाच्या व्हिडिओतलं एक गाणं मी दोन्हीकडून रेंडर केलं. तुझ्या साडेचारवर, धुळीसकट, एकतीस मिनिटं. मूळ वेगावर, साफ करून, बावीस मिनिटं. ज्या वेगाचा तुला गर्व होता, त्यानं तुझी नऊ मिनिटं खाल्ली. आणि तू हे कधी घड्याळ लावून पाहिलंच नाहीस. आकडा मोठा दिसला की काम लवकर झालं, असं धरून चाललास.

विठ्ठलसाई कारखान्याची चिमणी बघत मोठा झालास तू. साखर कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचार, पॅनमध्ये रस उकळतो कशाच्या जोरावर. नुसत्या वाफेच्या नाही, व्हॅक्यूमच्या. आणि व्हॅक्यूम टिकतो कशावर? कंडेन्सरला मिळणाऱ्या गार पाण्यावर. म्हणून तर ते पाणी स्प्रे पाँडवर कारंज्यासारखं उडवून निववतात. पाणी निवलं नाही की व्हॅक्यूम पडतो, आणि मग बॉयलर कितीही पेटवा, पॅन ओढत नाही. शहाणा चीफ केमिस्ट आधी पाण्याचं तापमान विचारतो. एवढा मोठा धडा गावाच्या वेशीवर उभा असताना तुला स्वेटरवाल्या पोराकडं शिकायला जावं लागलं!

मोठ्यांचंही हेच चालतं. पुण्यात सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तेव्हा एकाच चिपला पिळून वेग काढायचा मार्ग त्यांनी धरला नाही. पुष्कळ प्रोसेसर एका कामाला जुंपले. आज पुण्यातच आयसरमध्ये परम ब्रह्म नावाचा महासंगणक आहे, त्याच्या प्रोसेसरांची धग हवेवर न सोडता त्यांना चिकटून खेळवलेल्या द्रवानं ओढून घेतात. आणि २०११ मध्ये एका एफएक्स चिपला ज्यांनी ८.४ गिगाहर्ट्झच्या वर नेऊन विक्रम केला, त्यांनी तिच्यावर द्रवरूप हीलियम ओतलं होतं. विक्रमाचा आकडा सगळे सांगतात. हीलियमचं नाव कोणी घेत नाही.

थांब, मोबाइल खिशात ठेव. अजून झालेलं नाही.

आता त्या लग्नाच्या व्हिडिओचं बोलू. मंगलाष्टका चालू आहेत, अक्षता पडतायत, आणि नवरीच्या चेहऱ्यावर हिरवे चौकोन. तिच्या बापानं दुकानात येऊन तमाशा केला नाही, हा त्याचा मोठेपणा. ते चौकोन पेन ड्राइव्हचे नव्हते. चिपला झेपत नसलेल्या वेगावर ढकलली, की ती दर वेळी बंद पडते असं नाही. कधी कधी ती चालू राहते आणि गणित चुकवते. गुपचूप. बंद पडणारं मशीन प्रामाणिक असतं. चालू राहून चुकणारं मशीन सगळ्यात घातक. आपल्यातही अशी माणसं असतात, नावं घेत नाही, समोर उभी असतात.

म्हणूनच वेग वाढवणारे जाणते लोक प्राइम९५ चालवतात. तो प्रोग्रॅम १९९६ पासून मर्सेन जातीच्या अतिप्रचंड मूळ संख्या शोधायला वापरतात. तपासणीच्या वेळी तो असं गणित घालतो, ज्याचं उत्तर त्याला आधीच माहीत असतं. चिपनं एक अंक चुकवला की तो तिथंच थांबून सांगतो, चूक झाली. तू तो चालवलास? चालवलास, पण दोन मिनिटं. दोन मिनिटांत शीतक तापतसुद्धा नाही. भाकरी तव्यावर टाकल्या टाकल्या उलटून "भाजली" म्हणणारा तू!

आणि व्होल्टेज. आपल्याकडं व्होल्टेज म्हटलं की विहिरीवरची मोटर आठवते. कमी आलं की मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. इथं उलटं आहे. इथं जास्त व्होल्टेज चिपला मारतं, आणि एकदम नाही मारत. चिपमधल्या तारा इतक्या बारीक असतात, की त्यांतून जोरात वाहणारा विजेचा प्रवाह तारेतल्या धातूचे कण हळूहळू पुढं ढकलत नेतो. उष्णता वाढली की हे आणखी वेगानं होतं. बेन्नीतुरा नदीला पूर आला की काठचा मुरुम कणाकणानं वाहून जातो, एका दिवशी काही दिसत नाही, आणि मग एका पावसाळ्यात अख्खा काठ बसतो. जुन्या चिपनं आधीच कितीतरी पावसाळे काढलेत. तिच्या काठाला तू पहिल्याच दिवशी पंधरा टक्के जास्त पूर लावलास.

आता तू मनात म्हणत असशील, "सरांना नव्याचं वावडं आहे." नाही. १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए नावाची एक स्वस्त चिप आली होती. तिची बस ६६ मेगाहर्ट्झची, गुणक साडेचार, वेग ३०० मेगाहर्ट्झ. लोकांनी बस १०० वर नेली आणि बऱ्याच चिपा ४५० वर निवांत चालल्या. ज्यांच्याकडं महागड्या मशीनला पैसे नव्हते त्यांनी दीडपट वेग पदरात पाडून घेतला. यात चोरी नाही, लबाडी नाही. कंपनी सगळ्या चिपांना पुरेल असा सावध आकडा छापते; एखाद्या चिपमध्ये त्याहून जास्त दम असतो. तो शोधणं हा प्रयोग आहे, आणि प्रयोग करणारं पोरगं मला आवडतं. जुनी वस्तू भंगारात न घालता तिच्यातून काम काढणारं तर जास्तच आवडतं. पण दम तुझ्या चिपचा शोधायचा असतो, तुझ्या खोलीत, तुझ्या शीतकाखाली. दुसऱ्याच्या चिपचा दम उसना मिळत नाही.

म्हणून ऐक, आणि हे लिहून घे. पेन नाही? टेबलावरचं घे.

पहिलं, साफसफाई. दर महिन्याला, आणि गाळपाच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, नाहीतर गरगरून त्याची बेअरिंग जाईल. फडकं काढून फेक. डबा टेबलाखालून वर घे, मागं वीतभर जागा सोड.

दुसरं, मूळ वेगावर पूर्ण कामाला लावून अर्धा तास नोंदी घे. दर पाच मिनिटांनी दोन आकडे, चिपचं तापमान आणि खोलीचं तापमान. खोलीचं म्हणजे भिंतीवरचं नाही, डबा जिथून हवा ओढतो तिथलं. दोघांची वजाबाकी कर. ती वजाबाकी तुझ्या शीतकाची खरी ओळख. आत्ता ती ३६ आहे.

तिसरं, स्वतःची हद्द स्वतः ठरव, आणि कंपनीच्या हद्दीच्या बरीच अलीकडं ठरव. ८५ धर. त्यातून दुकानातली दुपार वजा कर. पंच्याऐंशी वजा बेचाळीस, त्रेचाळीस. त्याला छत्तीसनं भाग. १.१९. म्हणजे मे महिन्यात तुझ्या या शीतकाला मूळच्यापेक्षा फार तर एकोणीस टक्के जास्त उष्णता झेपते. ऐंशी नाही, एकोणीस! व्होल्टेजला हात न लावता वेग वाढवलास तर ही सवलत मोजकी पुरते. व्होल्टेज वाढवलंस की वर्गानं संपते. शिवाय चिप तापली की वीज आणखी गळते, म्हणून एकोणीसच्याही आतच राहा.

आता हेच गणित डिसेंबरचं कर. दुकानात दुपारी चोवीस. पंच्याऐंशी वजा चोवीस, एकसष्ट. भागिले छत्तीस, १.६९. तीच चिप, तोच पंखा, तेच दुकान, आणि एकोणीसच्या जागी एकोणसत्तर टक्के. बघ नीट. तुझ्या मशीनचा वेग कंपनीनं ठरवला नाही, व्हिडिओनं ठरवला नाही, मुरुमच्या ऋतूनं ठरवला. शेतकरी मृगाची आणि रब्बीची पेरणी एका मापानं करत नाही. तूही बायोसमध्ये दोन नोंदी जपून ठेव, एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. लगीनसराई नेमकी उन्हाळ्यात येते, तर रेंडर रात्री दहानंतर लाव. गारवा फुकट मिळतो.

चौथं, गुणक एका वेळी एकच पायरी. मूळ घड्याळ शंभरचं आहे, त्याला शिवू नकोस. या पिढीत त्याच घड्याळावर बोर्डावरची इतर अंगंही चालतात, ते हललं की हार्ड डिस्कचा डेटाही बिघडू शकतो. एक पायरी, तासभर प्राइम९५, नोंद, मग पुढची पायरी. चूक दिसली की एक पायरी नव्हे, दोन पायऱ्या मागं ये. व्होल्टेज सगळ्यात शेवटी, आणि अगदी मुंगीच्या पावलानं. उलट ते कमी करून बघ. कित्येकदा मूळ वेग थोड्या कमी व्होल्टेजवरही नीट चालतो, आणि मग वर्गाचा तोच नियम तुझ्या बाजूनं काम करतो.

पाचवं, प्रत्येक पायरीला तेच एक गाणं रेंडर करून घड्याळ लाव. मिनिटं कमी झाली नाहीत, तर तो वेग वाढलाच नाही, बायोस काहीही म्हणो. दुकानात गिऱ्हाईक आकडा न्यायला येत नाही, व्हिडिओ न्यायला येतं.

हे सगळं करूनही मन भरलं नाही, तर जास्त व्होल्टेज टाकू नकोस, चांगला शीतक घे. वजाबाकी ३६ वरून २५ वर आली, तर मे महिन्यातही त्रेचाळीसला पंचवीसनं भागायचं. किती होतात? कर, तोंडी कर. १.७२. बरोबर. मेचं दुकान डिसेंबर होतं. वेग विकत मिळत नाही रे, निचरा विकत मिळतो. निचरा झाला की वेग आपणहून येतो.

माझं शिकवणं संपलं. आता तुझी कामं. सोलापूरच्या त्या दुकानदाराला तू फोनवर काय काय बोललास, ते मी विचारणार नाही; पण आज संध्याकाळी त्याला पुन्हा फोन कर आणि "चूक माझी होती" हे तीन शब्द बोल. चौथा शब्द जोडू नकोस. "पण" तर मुळीच नको. मग त्या नवरीच्या घरी जा. व्हिडिओ मूळ वेगावर पुन्हा काढून, अक्षतांपासून पाठवणीपर्यंत स्वतः बसून बघून, मगच दे. पैसे मागू नकोस. दिले तरी घेऊ नकोस.

डबा उचल. वेग मी मूळ ठिकाणी आणून ठेवलाय, खुंट्या चारही बसल्यात.

आणि हे घे. हा माझा तापमापी, काचेचा आहे, पाऱ्याचा. या हातातून त्या हातात जपून ने. फोडलास तर नवा आणून द्यावा लागेल, बिलासकट. ही शंभर पानी वही. पहिल्या पानावर मी चार रकाने आखून दिलेत. वेळ, चिप, गाण्याची मिनिटं, आणि सगळ्यांच्या आधी, डावीकडं, तो रकाना ज्यावर तुम्ही पोरं हसायचात.

पुढच्या रविवारी ये. शेजाऱ्याची रीडिंग मला लगेच ओळखू येतात, हे तुला माहीत आहे. तुझ्या हातानं मोजलेली आणलीस, तर ती खुर्ची तिथंच आहे. तेव्हा बस.